मुंबई ते कोची शिडाच्या नौकेने: नोव्हेंबरअखेरीस निघावे का?

प्रश्नकर्ता: आम्ही तिघे ३४ फुटी शिडाच्या नौकेने नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून कोचीला जाण्याचा विचार करीत आहोत. अंतर सुमारे ६०० सागरी मैल असून सरासरी ५ नॉट (ताशी ५ सागरी मैल) वेग धरल्यास पाच दिवस लागतील. निघताना किती दिवसांपर्यंतचा हवामान अंदाज ग्राह्य धरावा?

सागरवेध: तीन दिवसांपलीकडच्या अंदाजावर मी स्वतः निर्णय सोपवणार नाही. आपला प्रवास त्याहून लांबचा असल्याने रत्नागिरी, मार्मागोवा, कारवार आणि मंगळूर यांपैकी कोठे, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत आत शिरायचे, हे किनाऱ्यावर असतानाच लिहून ठेवावे. २०१७ मध्ये नेमक्या याच दिवसांत ओखी चक्रीवादळ श्रीलंकेजवळ निर्माण होऊन लक्षद्वीपवरून पुढे गुजरातच्या दिशेने वळले होते. शक्य असल्यास जानेवारी निवडावा.

नाखवा: सहमत. भर इतकीच, की इन्कॉइसच्या (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राच्या) अंदाजातील लाटांची उंची ही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे २ मीटर लिहिले असताना एखादी लाट ४ मीटरच्या जवळ जाऊ शकते. वाऱ्याचा दाबही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉटचा वारा शिडावर १० नॉटच्या चौपट जोर लावतो.

प्रश्नकर्ता: आमच्यापैकी एकाची रजा मर्यादित आहे, त्यामुळे तारीख पुढे ढकलणे कठीण आहे.

सागरवेध: स्पष्ट सांगायचे तर या बेतात मला वादळापेक्षा त्या रजेची अधिक धास्ती वाटते, कारण रजा संपत आली की खराब हवामानातही पुढे जाण्याचा मोह होतो. रजा मर्यादित असलेल्या सोबत्याने गोव्यापर्यंतच यावे आणि तेथून रेल्वेने परतावे.