मदत हवी आहे: सीपॅप आहे, पण प्रेशर ठरवून देणारं कोणी नाही (सांगली-मिरज)

बाबा ६१ वर्षांचे, आम्ही विश्रामबागला राहतो. स्लीप स्टडीत एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा कमी होतो तो आकडा) ३८ आला, म्हणजे गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार). डॉक्टरांनी ऑटो सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबानं हवा देणारं, ठरवलेल्या हद्दीत दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन) लिहून दिलं, विक्रेत्याचा माणूस ४ ते २० प्रेशरवर मशीन लावून गेला, आणि सगळं तिथंच थांबलं.

चार महिने झाले. मशीनवर अजूनही एएचआय १४ च्या आसपास दिसतो (५ च्या खाली हवा ना?). पहाटे तीनला मास्क फुरफुरायला लागतो, बाबा तो काढून उशाशी ठेवतात. दुपारी पेपर वाचता वाचता मान खाली.

नाकाचा मास्क बदलून तोंड-नाक झाकणारा घेतला, ह्युमिडिफायर लावला, कुशीवर झोपवून पाहिलं. मशीनमधलं डेटा कार्ड घेऊन दोनदा डॉक्टरांकडे गेलो. हातातही न घेता "सवय होईल" म्हणाले. विक्रेता चिठ्ठीशिवाय प्रेशर बदलत नाही, त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

बीपीची गोळी चालू आहे, हृदयाचा त्रास नाही. फार तर कोल्हापूरपर्यंत जाऊ, दर महिन्याला पुणं जमणार नाही.

कार्डावरचा डेटा बघून प्रेशर ठरवणारे डॉक्टर कोणाला स्वतःच्या अनुभवातून माहीत आहेत का? छातीचे गाठावेत की कान-नाक-घशाचे? आणि रात्रभर ठेवून टायट्रेशन (योग्य प्रेशर शोधायची तपासणी) मिरजेत कुठं होतं का?