विकर की विकार? गोळीच्या पत्रकातला एक काना

विचारणा

स्तनाच्या कर्करोगावरच्या काही गोळ्यांचं माहितीपत्रक मराठीत करतोय. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब, अबेमासिक्लिब ही ती मंडळी. इंग्रजीत त्यांना 'सीडीके ४/६ इनहिबिटर' म्हणतात. सीडीके म्हणजे सायक्लिन नावाच्या प्रथिनावर अवलंबून असणारं कायनेज, एक एन्झाइम, मराठीत विकर. पेशीचक्र, म्हणजे पेशी वाढून दुभंगण्याचा क्रम, त्याच्यावर चालतं. मी लिहिलं, 'पेशीचक्रातील विकरांना प्रतिबंध करणारे औषध'. मुद्रितशोधकांनी एक काना वाढवून 'विकारांना' केलं. गंमत अशी, की वाक्य तरीही अर्थपूर्ण वाटतं, त्यामुळे तिघांच्या नजरेतून सुटलं. दुसरा शब्द सुचवा.

उत्तर

विकर म्हणजे बदल घडवणारा. शब्द चांगला आहे, पण शाळा सुटली की सुटतो. त्याचाच दुसरा प्रतिशब्द 'वितंचक', तो तर वाचतानाच दात दुखतात. डॉक्टर, केमिस्ट, पेशंट सगळे एन्झाइमच म्हणतात, तेच लिहा. तो शब्दही काही अनादि नाही, १८७७मध्ये विल्हेल्म क्यून यांनी ग्रीकमधून घडवला, अर्थ 'खमिरातलं'. कायनेज आलं 'हलवणे' या ग्रीक धातूवरून, म्हणजे सिनेमाचं चुलत भावंड. आपल्या किण्वाशी, म्हणजे यीस्टशी, त्याचं नातं नाही. तरी योगायोग बघा, लेलंड हार्टवेल यांनी पेशीचक्राची जनुकं शोधली ती पावाच्या किण्वातच.

उत्तर

मला विकरापेक्षा 'प्रतिबंध' खटकतो. प्रतिबंधक म्हटलं की लस आठवते, म्हणजे रोग होण्याआधीची गोष्ट. माझी मावशी हीच गोळी घेते. असलंच एक पत्रक वाचून म्हणाली, "अगं, झाल्यावर आता कसला प्रतिबंध?" आणि 'सायक्लिन' वाचून घाबरली, कारण तिला टेट्रासायक्लिनची ॲलर्जी आहे! दोघांचा काही संबंध नाही हे समजावण्यात एक दुपार गेली. 'निरोधक' लिहिणार असाल तर सरकारी जाहिरात आठवून लोक हसतील.

'रोधक' चालेल, गतिरोधकातला. पण इथे कोण कोणाला अडवतं ते नीट बघा. आरबी नावाचं प्रथिन पेशीचा ब्रेक दाबून धरतं. सीडीके ४ आणि ६ यांना सायक्लिन डीची जोड मिळाली, की ती आरबीवर फॉस्फेट चिकटवतात, पकड सुटते आणि पेशी डीएनएची नक्कल करायला लागते. या कर्करोगात ब्रेक सोडणारा हा हात थांबतच नाही. गोळी तो हात धरते. म्हणून 'पेशी मारणारे औषध' मुळीच लिहू नका. पेशी बहुतांशी थांबते. अस्थिमज्जेतल्या पेशीही थांबतात, पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून पाल्बोसिक्लिब २१ दिवस घेऊन ७ दिवस खाडा असतो. मावशी कॅलेंडरवर त्या सात दिवसांना 'सुट्टी' लिहिते. अबेमासिक्लिबला मात्र असा ठरलेला खाडा नाही, ते रोजच.

उत्तर

सायक्लिनचं नाव टिम हंट यांचं. १९८२मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यांत त्यांना एक प्रथिन दिसलं, दर विभाजनाला नाहीसं होणारं आणि पुन्हा साठणारं. चक्रासारखं, म्हणून सायक्लिन. माझं आवडतं नाव मात्र पॉल नर्स यांनी दिलेलं. एडिनबरामध्ये त्यांना किण्वाच्या नेहमीपेक्षा लहान पेशी सापडल्या, पुरत्या वाढण्याआधीच दुभंगणाऱ्या. नाव दिलं 'वी', स्कॉट बोलीत 'इवलं'. ज्या एन्झाइमच्या बिघाडाने हे होतं त्याचं नाव आजही वी१. आपल्याकडे कुणी 'इवली' नाव दिलं असतं तर परिभाषा समितीने परत पाठवलं असतं. हंट, नर्स आणि हार्टवेल यांना २००१चं नोबेल मिळालं.

उत्तर

एक सावधगिरी. 'चेकपॉइंट' हा पेशीचक्रातला नाका, हार्टवेल यांनी रुळवलेला शब्द. पण पेंब्रोलिझुमॅबसारखी कर्करोगावरची दुसरी औषधं ज्या 'चेकपॉइंट'ला रोखतात तो प्रतिकारशक्तीचा लगाम आहे. दोन्हींना 'तपासणी नाका' लिहिलंत तर पेशंट भलत्याच औषधाची चौकशी करेल.

विचारणा करणारा

आभार. शेवटी असं लिहिलं : 'कर्करोगाच्या पेशींना दुप्पट होण्यासाठी सीडीके ४ आणि ६ ही एन्झाइमं लागतात. ही गोळी त्यांना अडवते.' मुद्रितशोधकांकडून आत्ताच परत आलं. 'अडवते'खाली लाल रेघ, शेजारी शेरा : 'बोलीभाषा. अवरुद्ध करते?'