जहाज विकलं म्हणे, मग दादाचा थकलेला पगार कोण देणार?

गुहागरची_पोर:
माझा दादा एका परदेशी झेंड्याच्या टँकरवर ऑइलर (इंजिनरूममधला खलाशी) आहे, जहाज सध्या मुंबईबाहेर अँकरेजला उभंय आणि सात महिने पगाराचा पत्ता नाही. एजंट इतके दिवस उद्या-परवा करत होता, आता म्हणतो मालकाने जहाज विकलं, जुना पगार जुन्या मालकाकडे मागा. वर साइन ऑफ, म्हणजे जहाजावरून सुटका, हवा असेल तर सगळा हिशेब मिळाला असं लिहून द्या म्हणे! दादा इतका वैतागलाय की सही करून घरी येतो म्हणतोय. काय करू?

सेकंड_इंजिनियर:
सही अजिबात नको. दोन महिन्यांचा पगार थकला की एमएलसी म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे खलाशाला वाऱ्यावर सोडलं असंच धरतात, आणि त्यासाठी जहाजाचा विमा असतो, चार महिन्यांपर्यंतचा पगार नि घरी यायचा खर्च त्यातून निघतो. त्या विम्याचं सर्टिफिकेट जहाजावर दिसेल असं लावलेलं असतं, त्याचा फोटो काढायला सांग आणि डीजी शिपिंग (सरकारचं जहाज खातं), आयटीएफ (खलाशांची आंतरराष्ट्रीय युनियन) दोघांना मेल टाक.

वकील_फोर्टवाला:
ताई, मालक कोण ते सोडा, दावा जहाजावरच लावायचा. 2017 च्या ॲडमिरल्टी म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या कायद्यात खलाशाच्या पगाराचा मेरिटाइम लीन आहे, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बोजासारखं समजा, फक्त हा कुठे नोंदवावा लागत नाही. मालक बदलो, झेंडा बदलो, सुटत नाही, आणि नंबर बँकेच्या मॉर्टगेजच्याही आधी लागतो. दादा घरी आला म्हणून हक्क जात नाही. पण पगार देय झाल्यापासून दोनच वर्षं मुदत आणि नुसत्या नोटिशीने ती थांबत नाही, त्याच्या आत जहाज अरेस्ट, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने अडकवलेलं, व्हायला हवं. मुंबई हायकोर्टात दावा टाकून ऑर्डर मिळाली की वॉरंट जहाजावर चिकटवतात, पोर्टला, कस्टम्सला कळवतात, मग ते जागचं हलत नाही. मालकाने पैसे किंवा बँक गॅरंटी भरली तर सुटतं, नाहीतर लिलाव.

गुहागरची_पोर:
आणि त्याआधीच निघून गेलं तर?

वकील_फोर्टवाला:
म्हणून तर घाई करा. एम. व्ही. एलिझाबेथ नावाचं परदेशी जहाज 1984 मध्ये मुरगावहून माल भरून बिल ऑफ लेडिंग (माल चढवल्याची पावती) न देताच निघालं होतं, गोव्याच्या कंपनीने ते नंतर विशाखापट्टणमला धरलं आणि आंध्र हायकोर्टाला तो अधिकार आहे हे सुप्रीम कोर्टाने 1992 ला मान्य केलं. पण ते परत भारतात आलं म्हणून सापडलं, तुमचं येईलच असं नाही.

बंदरावरचा_बाब्या:
वकीलसाहेब बरोबर बोलतात, पण जुनाट टँकर असेल तर लिलावाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत जीव जातो आणि कोर्टाचा खर्च आधी वळता होतो. अजून एक, दुसऱ्या कोणी आधीच अरेस्ट केलंय का ते बघा, कारण कोर्टाने विकलं की घेणाऱ्याला जहाज कोरं, जुन्या बोज्यांशिवाय मिळतं आणि मग तुमचा दावा फक्त कोर्टात जमा झालेल्या पैशावर, तोही वेळेत लावला तर. बाकीच्या खलाशांनाही सोबत घ्या, वकिलाचा खर्च वाटला जातो. करारपत्र, पगाराच्या स्लिपा, सीडीसीची (खलाशाच्या नोंदपुस्तकाची) पानं आजच व्हॉट्सॲपवर मागवून घे गं, एकदा का जहाजावरचं नेट बंद पडलं की बोंबला.