फॉन्ट बदलणाऱ्या आमच्या छोट्या प्रोग्रामला अँटिव्हायरस पकडतो. सूट (तपासणीतून वगळणं) द्यायची तर नेमकी कुठे?

कालोत्सव_डीटीपी, फोंडा

नमस्कार मंडळी. दुकानात डीटीपीचं काम चालतं: देवस्थानांच्या कालोत्सवाच्या पत्रिका, नाटकांची हँडबिलं, चवथीच्या जाहिराती. जुना मजकूर सगळा जुन्या फॉन्टांत आहे. तो युनिकोडमध्ये आणायला पायथनमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्राम आहे. पायइन्स्टॉलर या साधनाने त्याची वनफाइल पद्धतीची एकच ईएक्सई (थेट चालणारी फाइल) केली आहे. एफ9 दाबलं की निवडलेला मजकूर उचलतो, बदलतो आणि परत चिकटवतो. इंटरनेटला हात लावत नाही.

दुकानात तीन मशीन. पहिल्यावर अँटिव्हायरसने ईएक्सई थेट उचलून क्वारंटाइनमध्ये (अँटिव्हायरसच्या कोंडवाड्यात) टाकली, ट्रोजन म्हणून, आणि नावाच्या शेवटी 'जेन' असं काहीतरी. दुसऱ्यावर त्या ईएक्सईला सूट दिली, तर आता प्रोग्राम उघडताना 'फेल्ड टू लोड पायथन डीएलएल' म्हणतो (डीएलएल म्हणजे प्रोग्रामाला लागणारी जोडफाइल). तिसऱ्यावरही पकडली, नाव वेगळं, ते लिहून ठेवलेलं नाही. प्रोग्राम घरचाच, सोर्स हाताशी आहे, त्यामुळे व्हायरस असायचा प्रश्नच नाही. सगळं टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर सूटमध्ये टाकलं तर चालेल का? पत्रिकांचा हंगाम आहे, काम अडलंय.

म्हापसा_सर्व्हिस

टेम्पला सूट मुळीच देऊ नका. ब्राउझरमधून उतरणारं, ईमेलच्या झिपमधून उघडणारं बरंचसं काही आधी टेम्पमध्येच येऊन पडतं. ते दार उघडं टाकलं तर अँटिव्हायरस ठेवून उपयोग काय?

दुसरं. 'प्रोग्राम घरचा' म्हणजे 'ही प्रत स्वच्छ' असं नव्हे. डीटीपीच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात. सॅलिटी, रॅमनिट, व्हायरट ही जुनी फाइल-इन्फेक्टर मंडळी असल्याच पेनड्राइव्हवरून फिरतात आणि चांगल्या ईएक्सईच्या आत स्वतःला चिकटवतात. तेव्हा सोर्स कितीही सोवळा असला तरी मशीनवरची प्रत बाटलेली असू शकते. म्हणून सूट देण्याआधी हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारी तिची ओळख) जुळवा.

ज्या मशीनवर ईएक्सई बनवली तिथली मूळ प्रत घ्या. पॉवरशेल (विंडोजची आज्ञा लिहायची खिडकी) उघडा, गेट-फाइलहॅश लिहून एक जागा सोडा आणि फाइल खिडकीत ओढून टाका, म्हणजे पत्ता आपोआप येतो. ही आज्ञा आपणहून एसएचए-256 काढते, 64 अक्षरांची ओळ. तीच ओळ बाकीच्या मशीनवर काढा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाइल वेगळी. क्वारंटाइनमधली प्रत तपासायची तर आधी नेटची वायर काढा, फाइल परत आणा, हॅश घ्या. पण चालवू नका.

मग तीच ओळ व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळाच्या शोधात टाका. फाइल चढवायची घाई नको. हॅश शोधल्याने काही बाहेर जात नाही. फाइल चढवली की ती तिथल्या सुरक्षा कंपन्यांना मिळते. फाइलच्या पोटात गिऱ्हाइकांची माहिती नसेल तर चढवायला हरकत नाही. तिथे सत्तरेक इंजिनं तपासतात. निकाल वाचताना आकड्याला भुलू नका: बिटडिफेंडरचं इंजिन बऱ्याच इतर कंपन्या वापरतात, त्यामुळे पाच ठिकाणी हुबेहूब तेच नाव दिसलं तर ते एकच मत पाचदा छापलंय असं धरा.

नावाकडे नीट बघा. 'जेन', 'ह्युर' किंवा मायक्रोसॉफ्टच्या नावात शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' असेल तर तो अंदाज आहे: फाइल कशाशी तरी 'मिळतीजुळती' वाटली. उलट सॅलिटी, रॅमनिट असं कुळाचं नाव आलं तर ती चूक म्हणून सोडून देऊ नका. 'हॅकटूल' हा तिसरा प्रकार. कोरल (डिझाइनचा प्रोग्राम) फुकटात चालवायचा पॅच पकडला गेला तर तो याच नावाने येतो आणि ती अँटिव्हायरसची चूक नसते. त्यावर इथे मदत मागू नका.

साखळी_पायथन

वरचं सगळं बरोबर. आता ईएक्सई अशी संशयास्पद का दिसते ते बघू.

वनफाइलमध्ये पुढे एक छोटा बूटलोडर (प्रोग्राम सुरू करून देणारा तुकडा) असतो आणि मागे सगळा पायथन दाबून भरलेला. चालवली की ती टेम्पमध्ये अंडरस्कोर एमईआय आणि पुढे आकडे अशा नावाचं फोल्डर करते, त्यात डीएलएल उतरवते आणि तिथून चालते. मालवेअर लिहिणारेही हाच फुकटचा बूटलोडर वापरतात, म्हणून तो ओळखीचा गुन्हेगार झालाय. दुसऱ्या मशीनवर तुमचं हेच झालं असणार: सूट मिळाली ईएक्सईला, उडाली टेम्पमध्ये उतरलेली डीएलएल. म्हणून तो संदेश.

उपाय वनडिर, म्हणजे एका फाइलऐवजी अख्खं फोल्डर. वनफाइलचा पर्याय काढून वनडिर द्या. ईएक्सईशेजारी '_इंटर्नल' फोल्डर येतं (पायइन्स्टॉलर 6 पासून) आणि सगळ्या डीएलएल तिथेच राहतात, टेम्पचा संबंध संपतो. नेताना अख्खं फोल्डर न्या; नुसती ईएक्सई डेस्कटॉपवर ओढली तर पुन्हा तीच डीएलएलची रड. सोबत नोयूपीएक्स हा पर्याय द्या. यूपीएक्स (फाइली आवळून लहान करणारं साधन) मशीनवर सापडलं तर पायइन्स्टॉलर आपणहून त्याने फाइली आवळतो, आणि आवळलेली फाइल बघितली की अँटिव्हायरसच्या भुवया वर जातात. व्हर्जन फाइलही जोडा. प्रॉपर्टीजमध्ये प्रोग्रामचं नाव, दुकानाचं नाव, आवृत्ती दिसू दे. याने जादू होत नाही, पण कोऱ्या कपाळाची ईएक्सई उगाच डोळ्यात भरते.

तरीही पकडली तर बूटलोडर स्वतः बांधा. पायइन्स्टॉलरचा सोर्स उतरवा, व्हिज्युअल सी++ चे बिल्ड टूल्स टाका, बूटलोडर फोल्डरमध्ये वॅफला (तिथल्या बांधणीच्या स्क्रिप्टला) 'ऑल' देऊन चालवा, मग त्याच सोर्समधून पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) पायइन्स्टॉलर बसवा. बूटलोडर तुमचा वेगळा झाला की जगभरच्या ठशाशी जुळत नाही.

आणि एफ9. तो पकडायला कीबोर्ड नावाची लायब्ररी वापरली आहे का? ती विंडोजमध्ये लो-लेव्हल हूक लावते, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ तुमच्या प्रोग्रामला दिसते. की-लॉगर अगदी हेच करतो! त्याऐवजी विंडोजचं रजिस्टरहॉटकी वापरा. त्यात फक्त एफ9 दाबल्याचा निरोप येतो, बाकी कळांशी घेणंदेणं नाही. कोड चार ओळी वाढेल, संशय बराच उतरेल.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तोच सोर्स, तीच आज्ञा, तरी पुन्हा बांधलं की हॅश बदलतो. फाइलने कमावलेली पत हॅशला चिकटलेली असते, ती शून्यावर येते. एका अनुस्वाराच्या दुरुस्तीसाठी रोज नवी ईएक्सई काढू नका. अक्षरांचे तक्ते वेगळ्या सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) ठेवा, म्हणजे तक्ता बदलला तरी ईएक्सई तीच.

कालोत्सव_डीटीपी, फोंडा

देव बरें करूं. हॅश काढले. पहिल्या दोन मशीनवरचे मूळ प्रतीशी तंतोतंत जुळले. तिसऱ्यावरचा जुळत नाही, आणि फाइलही मूळ प्रतीपेक्षा मोठी आहे. जुनी आवृत्ती असेल का? एफ9 साठी कीबोर्ड लायब्ररीच आहे, ती बदलतो. आणि सूट नेमकी कुठे द्यायची ते सांगा.

म्हापसा_सर्व्हिस

तिसऱ्याला सध्या सूट नको आणि त्याचा पेनड्राइव्ह दुसरीकडे लावू नका. जुनी आवृत्ती आहे का ते ठरवायला त्याच मशीनवरच्या दुसऱ्या एखाद्या नेहमीच्या प्रोग्रामची सही बघा: ईएक्सईवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, डिटेल्स. 'सही वैध नाही' असं आलं तर कुणीतरी त्या फाइलमध्ये हात घातलाय, आणि तुमची ईएक्सईही त्याच वाटेने गेली असणार. पकडलेलं नाव अँटिव्हायरसच्या इतिहासात असेलच, तेही बघा. मग डिफेंडरचा (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन लावा: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, सगळ्यात खालचा पर्याय. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, पंधरा मिनिटांच्या आसपास. आधी उघडी कामं सेव्ह करा. इन्फेक्टर निघालाच तर फाइली 'साफ' करत बसू नका. पत्रिकांचे डॉक्युमेंट वेगळे काढून विंडोज नव्याने टाका.

आता पहिली दोन. अँटिव्हायरस कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून डिफेंडरचे टप्पे देतो; विकतच्यात शब्द बदलतात, जागा सेटिंगमध्येच असते. मात्र विकतचा चालू असेल तर डिफेंडर बाजूला होतो आणि त्यात दिलेली सूट निरुपयोगी. जो पहारा देतोय त्यालाच सांगायला हवं.

वनडिरचं फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवा, डी ड्राइव्हवर नको. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते, म्हणजे सूट मिळालेल्या जागेत भलतं कुणी सहज येऊन बसत नाही. रोजचं काम साध्या खात्यातून करा. मग त्याच व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्ज, खाली एक्सक्लूजन्स, अ‍ॅड, फोल्डर, आणि तेवढंच फोल्डर निवडा. 'फाइल टाइप' मध्ये ईएक्सई लिहू नका, सगळ्या ईएक्सई मोकळ्या सुटतील. 'प्रोसेस' वरही बरेच जण फसतात: त्या सूटीने तो प्रोग्राम उघडतो त्या फाइली वगळल्या जातात, स्वतः प्रोग्रामची ईएक्सई नाही.

सूट ही तात्पुरती मलमपट्टी. फाइल मायक्रोसॉफ्टच्या मालवेअर विश्लेषणाच्या पानावर पाठवा. 'चुकून पकडली' हा पर्याय निवडा, पकडल्याचं नाव आणि प्रोटेक्शन अपडेट्समधला सिक्युरिटी इंटेलिजन्सचा व्हर्जन नंबर लिहा. विकतच्या अँटिव्हायरसच्या कंपनीकडे वेगळं पाठवावं लागेल. व्याख्या (व्हायरस ओळखायच्या खुणांच्या याद्या) दिवसातून अनेकदा बदलतात, त्यामुळे उत्तर आलं की आधी अपडेट, मग सूट काढून एकदा स्कॅन. खुद्द त्यांच्याकडूनही गफलती होतात: 2022 च्या सप्टेंबरात डिफेंडर क्रोमसारख्या प्रोग्रामांवर 'हाइव्ह.झेडवाय' म्हणून ओरडत होता. नवी व्याख्या आली आणि तो थांबला.

साखळी_पायथन

एक राहिलं. नवी ईएक्सई नेटवरून उतरवून घेतली आणि निळी खिडकी 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' म्हणाली, तर तो अँटिव्हायरस नव्हे, स्मार्टस्क्रीन. त्याला एवढंच म्हणायचंय की ही फाइल फारशी कुणी पाहिलेली नाही. हॅश जुळवून घ्या, मग प्रॉपर्टीजमध्ये खाली 'अनब्लॉक' वर टिक करा. झिप असेल तर उलगडण्याआधीच करा, नाहीतर आतल्या फाइलींनाही तोच शिक्का बसतो. साइनिंगचं (ईएक्सईवर डिजिटल सही करायचं) प्रमाणपत्र तीन मशीनसाठी घेऊ नका. जून 2023 पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशा सुरक्षित साधनातच ठेवावी लागते, वर दरवेळी नूतनीकरण. प्रोग्राम बाहेर विकणार असाल तेव्हा बघू.