गॅलरीतल्या दिव्यावर येणारा पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा पतंग कोणता?

प्रश्न
आम्ही ठाण्यात, येऊरच्या पायथ्याजवळ राहतो. थंडी सुरू झाल्यापासून गॅलरीतल्या दिव्याखाली गडद तपकिरी रंगाचा एक छोटा पतंग येऊन बसतो. बसताना तो पंख सपाट पसरतो, त्यामुळे त्रिकोणी आकार दिसतो आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा उठून दिसतो. थंडीत उडणारे पतंग शोधताना ‘ऑपेरोफ्टेरा ब्रुमाटा’ हे नाव सापडले, परंतु छायाचित्र जुळत नाही. तो तांदळाच्या डब्यातून निघाला असावा, असे आईचे मत आहे.

प्रतिसाद १
ब्रुमाटा हा मूळचा युरोपातला पतंग असून त्याच्या मादीचे पंख इतके खुरटे असतात की तिला उडताच येत नाही. ठाण्यात त्याचा विचार करण्याचे कारण नाही. तांदळातला पतंग धुरकट आणि बिनपट्ट्याचा असतो, तेव्हा आईंना निश्चिंत राहायला सांगावे. वर्णनावरून हा स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस वाटतो. पुढच्या पंखावरचा पट्टा मागच्या पंखावरच्या पट्ट्याशी सलग जुळतो का, आणि पुढच्या पंखाच्या टोकाकडे आणखी एक आखूड पांढरा पट्टा व त्यालगत बारीक ठिपके आहेत का, ते पाहावे. याच्या अळ्या माठ, पालक अशा पालेभाज्यांची पाने खातात; गॅलरीत त्यांपैकी काही लावले आहे का?

प्रश्नकर्ता
आखूड पट्टा आणि ठिपके आहेत. माठही आहे. त्याची काही पाने दुमडून धाग्यांनी चिकटलेली असून आत हिरवी, जवळपास पारदर्शक अळी बसलेली आहे. तिने पानाचा खालचा थर खरवडून वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवला आहे.

प्रतिसाद २
मग रिकर्व्हॅलिसच असण्याचा संभव अधिक. जुन्या पुस्तकांत तो हायमेनिया रिकर्व्हॅलिस या नावाने सापडेल. त्याच्यासारखाच दिसणारा हायमेनिया पर्स्पेक्टॅलिस मात्र आधी वगळावा लागेल. त्याचे पट्टे अरुंद असतात आणि पांढरे ठिपके जास्त. अळी पानांसह बरणीत ठेवून, तळाशी थोडी माती घालून, तोंडाला मलमल बांधली, तर ती मातीत कोष करील आणि बाहेर येणाऱ्या पतंगावरून अळी व पतंग एकाच जातीचे आहेत का, हेही कळेल. तो केवळ थंडीतला आहे, असेही समजू नये. उष्ण प्रदेशांत तो वर्षभर आढळतो आणि दिवसा गवतातून चालताना पायाशी उडतो. छायाचित्र काढताना मागचा पंख स्पष्ट दिसू द्यावा, कारण पुढच्या पंखाच्या अंधूक चित्रावरून मी तरी ही जात नक्की केली नसती.