‘टर्मिनल’साठी ‘आयात-स्थानक’ चालेल का?

अनुवादिका
लिथुआनियातील क्लायपेडा बंदरात २०१४ साली द्रवरूप नैसर्गिक वायूच्या आयातीची जी सोय उभी राहिली, तिच्याविषयीचा एक लेख मी मराठीत आणत आहे. ‘टर्मिनल’साठी मी ‘आयात-स्थानक’ लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी ते खोडून ‘धक्का’ केले. धक्क्याला जहाज लागते आणि माल उतरतो, एवढेच त्या शब्दातून कळते. येथे मात्र उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेला द्रव साठवला जातो, त्याचे पुनर्वायुकरण होते, म्हणजे द्रवाचा पुन्हा वायू होतो, आणि मग तो वायू नळवाहिनीत सोडला जातो. ही सगळी कामे सामावून घेणारा शब्द कोणाला सुचतो का?

वाटसरू
‘टर्मिनल’ तसाच ठेवावा. तो विमानतळामुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘स्थानक’ म्हटले की जमिनीवरची इमारत डोळ्यांपुढे येते, आणि तुमच्या उदाहरणात ती प्रतिमा दिशाभूल करते. कारण क्लायपेडाला आयातीचा वायू साठवणाऱ्या टाक्या आणि द्रवाचा वायू करणारी यंत्रणा, दोन्ही ‘इंडिपेन्डन्स’ नावाच्या जहाजावरच आहेत. त्या जहाजाची साठवणक्षमता १,७०,००० घनमीटर आहे.

धातुसाधित
मूळ प्रश्नाआधी एक दुरुस्ती आवश्यक वाटते. ‘पुनर्वायुकरण’ नव्हे, ‘पुनर्वायूकरण’. समासात ‘वायुवाहिनी’ ऱ्हस्व असते हे खरे, परंतु येथे च्वि प्रत्यय आहे. जे आधी तसे नव्हते ते तसे होणे, हा त्याचा अर्थ. त्यामुळे ‘शुद्ध’चे ‘शुद्धीकरण’ आणि ‘लघु’चे ‘लघूकरण’ होते, त्याच न्यायाने ‘वायु’चे ‘वायूकरण’.

उत्कलनबिंदू
व्याकरण मान्य आहे, पण शब्दच बदलावा असे माझे आग्रहाचे मत आहे. ‘वायूकरण’ ही संज्ञा कोळशाच्या संदर्भात रूढ आहे. तेथे उच्च तापमानाला कोळशाची प्राणवायू आणि वाफ यांच्याशी रासायनिक अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे निराळे पदार्थ तयार होतात. येथे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेला मिथेन आरंभापासून अखेरपर्यंत मिथेनच राहतो. केवळ त्याची अवस्था बदलते, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी समुद्राच्या पाण्याची ऊबही पुरते. म्हणून ‘बाष्पीकरण’ म्हणावे. ‘द्रवरूप वायू’ या शब्दामुळेही असाच घोटाळा होतो, कारण सिलिंडरमधील वायूप्रमाणे हाही दाबाने द्रव झाला असावा असे वाचक समजतो. प्रत्यक्षात त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी कमी होते ते थंडीमुळे, आणि तो साठवला जातो तो वातावरणाच्या जवळपास दाबालाच.

धातुसाधित
‘बाष्प’ला माझा विरोध आहे. संस्कृतात ‘बाष्प’ म्हणजे अश्रूही, म्हणून तर ‘बाष्पगद्गद’. आणि मराठी वाचकाला त्यातून उकळत्या पाण्याची वाफ आठवते. शिवाय ‘पुनर्’ गेला, तर जमिनीतून वायू म्हणून निघालेली वस्तू प्रवासापुरतीच द्रव होते, ही त्या व्यवहारातील मुख्य गोष्टच गळून पडते.

किनारा
माझ्या दृष्टीने खरी अडचण पुढे आहे. ‘पुरवठ्याचे वैविध्यीकरण’ हा प्रयोग अनेक लेखांत आढळतो. भाववाचक नामाला पुन्हा ‘करण’ कशाला? ‘विविधीकरण’ शुद्ध आहे, पण तेही या प्रसंगी फार सौम्य आहे. २०१४ पर्यंत लिथुआनियाला लागणारा सगळा वायू रशियाकडून नळवाहिनीने येत होता. जहाज येण्याच्या काही महिने आधीच गाझप्रोम या रशियन वायू कंपनीने दर कमी केला होता. म्हणजे दुसरा मार्ग उघडणार हे दिसताच सौदा बदलला. अशा ठिकाणी ‘एकाच पुरवठादाराच्या हाती नाड्या राहू न देणे’ असे लिहावे.

वाटसरू
सुंदर मराठी, पण शीर्षकात किंवा तक्त्यात ते बसवणार कसे? आणि त्यात प्रदेशाचा मुद्दाही येत नाही. क्लायपेडाला उतरलेला वायू नळवाहिन्यांतून लाटव्हिया आणि एस्टोनियालाही पोहोचतो, लाटव्हियातील इन्चुकाल्न्सच्या भूमिगत साठ्यात ठेवता येतो, आणि २०२२ पासून पोलंडशीही जोडणी आहे. एका देशाच्या नाड्यांपुरता हा विषय नाही.

अनुवादिका
‘पुनर्वायूकरण’ दीर्घ ऊकाराने लिहीन. जहाजाचे नाव ‘स्वातंत्र्य’ असे भाषांतरित करावे असाही एक आग्रह माझ्याकडे आला आहे. विशेषनाम म्हणून मी ते तसेच ठेवणार आहे. पण ‘टर्मिनल’चे काय? जहाजाला ‘तरते आयात-स्थानक’ म्हटले, तर वाटसरूंचा आक्षेप मिटतो का?

धातुसाधित
‘तरते’ नव्हे, ‘तरंगते’. ‘तरणे’मध्ये पार जाणे आहे, आणि हे जहाज तर वर्षानुवर्षे एकाच जागी बांधलेले आहे.

उत्कलनबिंदू
‘तरती बाग’ आपण म्हणतोच, तीही कोठे पार जात नाही. ‘तरते’च ठेवावे.