अमेरिकेची उपनगरं लोकांनी निवडली की सरकारने घडवली?

दूरदेश (धागाकर्ता)

अमेरिकेत स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण १९४० मध्ये ४३.६ टक्के होतं, १९६० मध्ये ६१.९ टक्के झालं. याचं श्रेय सहसा युद्धकाळात साठलेल्या बचतीला आणि विल्यम लेव्हिटसारख्या झपाट्याने घरं उठवणाऱ्या बिल्डरांना मिळतं. माझ्या मते खरा बिल्डर वॉशिंग्टनमध्ये बसला होता, आणि त्याचं अवजार होतं कर्जाची मुदत.

१९३४ आधीचं गृहकर्ज आठवा. निम्मी रक्कम पदरची, मुदत पाच-दहा वर्षं, बऱ्याचदा तोवर फक्त व्याज आणि शेवटी मुद्दल एकरकमी. बँकेने नूतनीकरण नाकारलं की घर गेलं. मंदीत लाखो लोकांचं नेमकं तेच झालं. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन (एफएचए) आलं. ते स्वतः कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाचा विमा उतरवत असे, आणि अट अशी की हप्त्याबरोबर मुद्दलही फिटत गेलं पाहिजे. मुदत वीस वर्षं, मग पंचवीस, मग तीस. १९४४ च्या जीआय बिलाने माजी सैनिकांना वेगळी हमी दिली. १९४५ च्या दुरुस्तीनंतर ती कर्जाच्या निम्म्यापर्यंत, कमाल ४,००० डॉलर. व्याज ४ टक्के.

आता लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउनमधलं १९४९ चं रँच घर घ्या, किंमत ७,९९० डॉलर. जुन्या पद्धतीने आधी ३,९९५ डॉलर रोख मोजावे लागले असते. नव्या पद्धतीने माजी सैनिकाला जवळपास काहीच नाही, आणि पंचवीस वर्षांसाठी महिना साधारण ४२ डॉलर. कर-विमा धरूनही साठच्या आसपास. तिथल्याच आधीच्या, जरा लहान घरांचं भाडं होतं ६० डॉलर. भाड्याच्या पैशात मालकी मिळत असेल तर त्याला लोकांची 'आवड' म्हणायचं?

गवंडी

हिशेब बरोबर, निष्कर्ष उलटा. स्वस्त कर्जाने घर स्वस्त होत नाही. मालाची आणि मजुरीची टंचाई असेल तर उलट महागतं. १९४७ मध्ये दोन्हींची टंचाई होती. तरी किंमत आवाक्यात राहिली ती बांधकामामुळे.

लेव्हिटने तळघर काढून टाकलं. तळघर सक्तीचं होतं, म्हणून लेव्हिटटाउन ज्या हद्दीत येतं त्या हेम्पस्टेडच्या नगरमंडळाला १९४७ मध्ये नियम बदलावा लागला, आणि तो बदलायला लावला घर नसलेल्या माजी सैनिकांच्या रेट्याने. जमिनीवर थेट काँक्रीटची लादी, तिच्यात तांब्याच्या नळ्या, नळ्यांतून गरम पाणी. काम पंचवीसहून अधिक टप्प्यांत तोडलेलं. टोळी घरोघर फिरत एकच टप्पा करायची, मजुरी नगावर, कामगार युनियनबाहेरचे. लाकूड मापात कापून यायचं, ट्रक ६० फूट रुंदीच्या प्रत्येक प्लॉटपुढे माल टाकून पुढे सरकायचा. १९४८ च्या ऐन हंगामात दिवसाला तीसहून जास्त घरं उभी राहत होती.

दोषही होते. लादीतली नळी गळू लागली की गळती कुठे आहे ते कळत नाही, लादी फोडावी लागते. बऱ्याच मालकांनी पुढे नळ्या तशाच सोडून भिंतीलगत हीटर बसवले. शिवाय काँक्रीट तापायला आणि निवायलाही वेळ घेतं : पहाटे गारठा, दुपारी ऊन आलं की उकाडा. तरीही लोक रांगा लावत होते.

आणि कॅनडाचं काय? तिथे अमेरिकेसारखी गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट नाही, तरी १९६१ मध्ये घरमालकी ६६ टक्क्यांच्या आसपास होती. उपनगरंही तशीच पसरली.

रेघ

तुम्ही दोघं 'लोक' म्हणता ते फक्त गोरे लोक. एफएचएच्या १९३८ च्या मूल्यांकन पुस्तिकेत भिन्न वंशांची शेजारवस्ती ही जोखीम धरली आहे आणि विक्रीपत्रात वांशिक अट (म्हणजे घर काळ्यांना विकायचं नाही) घालण्याची शिफारस आहे. डेट्रॉइटमध्ये १९४१ मध्ये एका बिल्डरने काळ्यांच्या वस्तीला लागून अर्धा मैल लांब, सहा फूट उंच भिंत बांधली, तेव्हा कुठे त्याच्या प्रकल्पाच्या कर्जांना विमा मिळाला. जीआय बिलात काळ्यांना वगळणारं एक अक्षरही नाही. पण कर्ज स्थानिक बँकेनेच मंजूर करायचं. परिणाम : १९४७ मध्ये मिसिसिपीत हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या माजी सैनिकांना दोन.

मे १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वांशिक अटींची कोर्टामार्फत अंमलबजावणी थांबवली. एफएचएने मात्र नव्या वांशिक अटी असलेल्या घरांना विमा नाकारायला फेब्रुवारी १९५० उजाडू दिला. त्या पावणेदोन वर्षांत किती घरं विकली गेली असतील याचा विचार करा.

गवंडी

अन्याय मान्य. पण सगळं एफएचएवर ढकलू नका. पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये पहिलं काळं कुटुंब राहायला आलं. घर पुनर्विक्रीचं, म्हणजे बिल्डरचा संबंध नाही, आणि वांशिक अट तोवर निरर्थक झालेली. तरी कित्येक रात्री घराबाहेर जमाव, दगडफेक, शेवटी राज्य पोलीस बोलवावे लागले. तो जमाव कुठल्या पुस्तिकेने पाठवला? अर्थशास्त्रज्ञ लीह बुस्तान यांचा अंदाज असा की उत्तरेच्या शहरात आलेल्या प्रत्येक काळ्या माणसामागे २.७ गोरे शहर सोडून गेले. ही निवडच होती, ओंगळ निवड.

किसकाढ्या

एक दुरुस्ती, कारण पुढचा प्रतिसाद 'लाल रेघांचे नकाशे' असणार हे दिसतंय. कर्जासाठी जोखमीचे ठरवलेले भाग लाल दाखवणारे ते प्रसिद्ध रंगीत नकाशे एफएचएचे नव्हेत, मंदीत अडकलेल्या घरमालकांना कर्ज देणाऱ्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेचे. त्या संस्थेने आपली बहुतेक कर्जं १९३३ ते १९३६ मध्ये दिली, नकाशे त्यानंतर पुरे झाले, आणि पुढे लाल ठरलेल्या भागांतही तिची कर्जं होती. लाल रेघ ओढली, म्हणजे अशा भागांना कर्जातून वगळलं, ते एफएचएने, स्वतःच्या नियमांनी. नकाशा इंटरनेटवर सापडतो म्हणून दोष त्याला देऊ नये.

दूरदेश

@किसकाढ्या, बरोबर. @गवंडी, कॅनडात व्याजाची वजावट नाही, पण १९४६ पासून सरकारी गृहकर्ज महामंडळ आहे आणि १९५४ पासून कर्जविमाही. म्हणजे उदाहरण माझ्याच बाजूचं.

जमावाबद्दल : दगड मारणाऱ्यांनाही आपल्या घराची किंमत पडेल अशी भीती होती. ती भीती एफएचएने मूल्यांकनाच्या नियमातच बसवली होती. शिवाय पळून जायला रस्ता कोणी दिला? १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचे महामार्ग, ९० टक्के खर्च केंद्राचा, त्यासाठी पेट्रोलवरचा कर गॅलनमागे २ वरून ३ सेंट. अर्थशास्त्रज्ञ नॅथॅनियल बॉम-स्नो यांचा निष्कर्ष : शहराच्या गाभ्यातून जाणाऱ्या प्रत्येक नव्या महामार्गाने त्या शहराची लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी घटते.

वाटाणा

थोडं अवांतर : उपनगर म्हणजे घरी बसलेली गृहिणी, हे चित्र कुणी तरी पुसा. कामावर असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १९५० मध्ये ३३.९ टक्के, १९६० मध्ये ३७.७. लग्नं लवकर होत होती, १९५७ मध्ये ४३ लाख मुलं जन्मली, आणि त्याच दशकात बायका नोकरीलाही लागत होत्या. हप्ता निश्चित, पण गाडी आणि टीव्हीचे हप्ते वेगळे.

परसदार

आपल्याशी संबंध आहे तो तारखांचा. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला फक्त १०० जागा मिळाल्या. असा देशवार कोटा मोडणारा १९६५ चा स्थलांतर कायदा पूर्णपणे लागू झाला १ जुलै १९६८ ला. घरविक्रीत वंशभेदाला बंदी घालणारा कायदा झाला एप्रिल १९६८ मध्ये. न्यू जर्सीत आलेल्या मराठी इंजिनियरांना उपनगराचं दार कायद्याने उघडलेलं मिळालं. ते उघडण्याची किंमत मात्र काळ्या लोकांनी आधीच मोजली होती.

रेघ

'उघडलेलं' हा शब्द फार उदार आहे. १९६८ च्या कायद्यात गृहनिर्माण खात्याला तक्रार ऐकून समेट घडवण्यापलीकडे अधिकार नव्हता, दंड करता येत नसे. फिर्यादीने स्वतः कोर्टात जायचं, १८० दिवसांच्या आत, आणि जिंकला तरी दंडात्मक भरपाई जास्तीत जास्त १,००० डॉलर. हे बदललं १९८८ मध्ये.